सागवानात घडवायला सर्वांत देखणे यंत्र कोणते? एका मिस्त्रीचे उत्तर

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. बांधकामावर चालणाऱ्या अवजड यंत्रांपैकी एकाची प्रतिकृती आपल्याला सागवानात, एकास पन्नास या प्रमाणात घडवायची आहे. तिला रंग द्यायचा नाही, फक्त तेल पाजायचे आहे. ती घरातल्या टेबलावर उभी राहणार आहे, आणि यंत्र निवडताना त्याची ताकद, किंमत किंवा उपयोग न पाहता केवळ रूप पाहायचे आहे. ज्याला विचारावे तो जेसीबीचे नाव घेतो. आपल्याला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगताही येत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते खरी अडचण अशी आहे की रस्त्यावर जे यंत्र आपल्याला देखणे वाटते त्यात रंगाचा, हालचालीचा आणि सवयीचा मोठा वाटा असतो, आणि आपल्या प्रतिकृतीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट असणार नाही. तेव्हा प्रश्न असा उरतो : रंग उतरवला, इंजिन बंद केले आणि नाव झाकले, तर कोणत्या यंत्राकडे पाहत राहावेसे वाटेल?

या प्रश्नावर बोलण्याचा माझा अधिकार कितपत आहे, तेही सांगतो. गेली ३४ वर्षे मी माती आणि दगडकामाच्या यंत्रांची दुरुस्ती करतो आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला माझे लहानसे वर्कशॉप आहे. माझे वडील मात्र शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, म्हणजे फाउंड्रीत बिडाचे ओतकाम होण्यापूर्वी लाकडाचा जो नमुना लागतो तो ते घडवीत. त्यामुळे लहानपणी यंत्राचा सुटा भाग मी लोखंडाच्या आधी सागवानात पाहिला. आतला कोपरा कधीही काटकोनात ठेवायचा नाही, त्याला फिलेट, म्हणजे आतून गोलाई, द्यायचीच, हे त्यांचे पहिले शिकवणे होते. कारण तापलेला धातू थंड होताना आकसतो आणि अशा कोपऱ्यात ताण साठून नेमकी तेथेच चीर जाते. डोळ्याला सुखावणारी गोलाई पुष्कळदा धातूची गरज असते, ही समज मला तेथून मिळाली. ती या उत्तराच्या तळाशी आहे, आणि तिच्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले आहे हेही मान्य करतो.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सुरुवातीलाच बाजूला काढतो. ही प्रतिकृती आपण लहान मुलासाठी करत असता तर मी वाद न घालता जेसीबी सांगितला असता, कारण मुलाला ओळख पटण्यात आनंद असतो. ती हलती करायची असती, दांडे ओढून बकेट वरखाली करायची असती, तर पोकलेनला तोड नव्हती. रंगवायची असती तर निम्मे काम रंगानेच केले असते. आपण सांगितलेल्या अटींत यांपैकी काहीच बसत नाही, म्हणून पुढचे सगळे म्हणणे न रंगवलेल्या, स्थिर आणि हाताच्या अंतरावरून दिसणाऱ्या वस्तूपुरतेच समजावे.

रंगाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण फसगत तेथेच होते. अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीची यंत्रे आधी करड्या रंगाची असत. १९३१ साली तिने पिवळा रंग घेतला, आणि त्यामागे रस्त्याच्या कामावर यंत्र दुरून दिसावे हा सरळ हिशेब होता. हिताचीने नारिंगी धरला आणि तो आपल्याकडे धारवाडच्या कारखान्यातून निघणाऱ्या टाटा हिताचीच्या यंत्रांवर सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. आता हाच नारिंगी पोकलेन टोप गावच्या खाणीत, काळ्या पाषाणाच्या कड्यापुढे उभा राहिला की असा उठून दिसतो की जाणारा-येणारा मान वळवतो. तोच पन्हाळ्याच्या किंवा शाहूवाडीच्या बाजूला जांभ्याच्या लाल मातीत नेऊन उभा करा. आठ दिवसांत तो मातीत मिसळून जातो आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. यंत्र तेच आणि त्याचा बांधाही तोच, म्हणजे आपल्याला जे आवडले होते ते काळ्यावर नारिंगी हे रंगांचे नाते होते.

रंगाने मला स्वतःला एकदा चांगलेच फसवले आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी आणि एका परिचिताने भागीदारीत जुना पोकलेन घेतला. विकणारा बाहेरच्या जिल्ह्यातला होता. यंत्र नव्या नवरीसारखे नटवलेले होते : ताजा रंग, काळे केलेले ट्रॅक म्हणजे चालायचे साखळीपट्टे, कॅबिनवर नवे स्टिकर. मी पॅटर्नमेकरचा मुलगा आणि त्या वेळी चौदा वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्री, पण त्या झळाळीपुढे माझाही हात बूमच्या, म्हणजे यंत्राच्या मोठ्या वाकलेल्या हाताच्या, पोटाखालून फिरला नाही. दुसऱ्या आठवड्यात बूमच्या वाकाजवळ वेल्डिंगची जुनी चीर उघडी पडली. रंगाखाली ती लांबी (पुट्टी) भरून झाकलेली होती. बूम उतरवून खालच्या पट्ट्या बदलण्यात आमचा दीड महिना आणि पहिल्या हंगामाची कमाई गेली. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि इतकेच विचारले, ‘बेंदराला बैल घेतलास काय?’

त्यांचा टोमणा बाहेरच्या वाचकाला कळावा म्हणून सांगतो. बेंदराला आमच्याकडे बैलांना धुऊन, शिंगांना हिंगूळ लावून, झूल घालून मिरवतात आणि त्या दिवशी प्रत्येक बैल देखणा दिसतो. जाणता शेतकरी मात्र त्या दिवशी बैल विकत घेत नाही. लहानपणी मामांबरोबर मी वडगावच्या जनावरांच्या बाजारात जात असे. मामा आधी बैलाला सपाट जागेवर उभा करायला लावत आणि दहा पावले मागे जाऊन त्याची ठेवण पाहत : चारही पायांवर भार सारखा आहे का, पाठ सरळ आहे का, मान खांद्यातून कशी निघते. नंतर त्याला चालवायला सांगत. शिंगांचा रंग सगळ्यात शेवटी, तोही हसत हसत. यंत्राच्या रूपाबद्दल विचारले की माझ्या डोक्यात आजही हाच शब्द येतो : ठेवण. उभ्या यंत्राकडे पाहून त्याचे वजन कोठून कोठे उतरते आणि त्याचा जोर कोणत्या दिशेने लागणार आहे हे न सांगता कळत असेल, तर त्याची ठेवण चांगली. हा निकष सर्वांनी मानावा असा माझा आग्रह नाही. पण रंग नसलेल्या लाकडी वस्तूला लावता येईल असा दुसरा निकष मला सापडलेला नाही.

या निकषावर जेसीबी कोठे बसतो ते पाहू. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाने १९४५ साली युटॉक्सिटर या गावी एका भाड्याच्या गॅरेजात काम सुरू केले, १९५३ मध्ये ट्रॅक्टरच्या मागे खोदणारा हात बसवला, आणि त्याच्या नावाची आद्याक्षरे आज आपल्याकडे यंत्राच्या जातीचेच नाव होऊन बसली आहेत. भारतात ही कंपनी १९७९ पासून आहे. दुसऱ्या कंपनीचे बॅकहो लोडर दारात उभे असले तरी मालक ‘माझा जेसीबी’ असेच म्हणतो. निवडणुकीच्या विजयात त्याच्या बकेटमधून गुलाल उधळला जातो, पाइपलाइनच्या चरापासून पडक्या भिंतीपर्यंत तोच धावतो, आणि पुराचे पाणी ओसरल्यावर गल्लीतला चिखलही तोच काढतो. लोकांचा त्याच्यावर जीव आहे आणि तो रास्तच आहे. परंतु जीव जडणे आणि रूप असणे यांत अंतर आहे.

मुळात हे दोन कामांसाठी केलेले एक यंत्र आहे. पुढे भरणारे बकेट, मागे खोदणारा हात, आणि दोन्हींना सांभाळणारा ट्रॅक्टरचा धड. चालताना मागचा हात घडी घालून पाठीशी उभा ठेवावा लागतो, त्यामुळे मागून ते ओझे पाठीवर घेतल्यासारखे दिसते. पुढचे बकेट उचललेले असेल तर नाक जड वाटते. मागची चाके मोठी आणि पुढची लहान, हा ट्रॅक्टरचा वारसा. एकूण रूप कामसू माणसाचे आहे. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मंडईतून निघालेल्या माणसाला आपण कष्टाळू म्हणू, देखणा म्हणणार नाही. त्याची एक मुद्रा मात्र मला फार आवडते. मागचे दोन पाय जमिनीत रोवलेले, पुढचे बकेट खाली टेकलेले, मागची चाके किंचित अधांतरी, आणि हात पूर्ण लांबवून चरात घातलेला. त्या क्षणी भार कोठे आहे हे लख्ख दिसते. पण ती मुद्रा चराशिवाय अर्थहीन आहे, आणि टेबलात चर खणता येत नाही. ‘का पटत नाही’ या आपल्या शंकेचे माझे उत्तर एवढेच आहे.

पोकलेनचा विचार अधिक गांभीर्याने करायला हवा. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव; तिच्या तंत्रज्ञानावर आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोने यंत्रे बनवली आणि पुढे कोणत्याही कंपनीचा एक्स्कॅव्हेटर पोकलेनच झाला. याची ठेवण उत्तम आहे, आणि तिच्यातली प्रत्येक रेषा सकारण आहे. मागच्या काउंटरवेटची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या वजनाची, गोलाई पाहा. वरचा भाग ज्या रिंगवर फिरतो तिच्या केंद्रापासून मागची कडा सर्वत्र साधारण सारख्या अंतरावर राहावी म्हणून ती तशी आहे. तेथे चौकोनी कोपरे ठेवले असते तर फिरताना तेच आधी भिंतीला किंवा डंपरला लागले असते. बूमचा वाक पाहा. बूम सरळ असता तर खोल खणताना बकेट यंत्राच्या जवळ ओढून आणणे कठीण झाले असते. त्याच बूमची जाडी मध्यावर सर्वांत जास्त आणि दोन्ही टोकांकडे निमुळती होत जाते, कारण वाकवणारा ताण मध्यभागी मोठा असतो. खांद्यापासून मनगटापर्यंत आपल्या हाताचीही रचना काहीशी अशीच असल्यामुळे असेल, पण पोकलेनचा हात पाहताना आपल्याला तो परका वाटत नाही.

गगनबावड्याच्या घाटात पावसाळ्यात दरड काढताना मी हे यंत्र तासन् तास पाहिले आहे. धुक्यात फक्त हात दिसायचा. बकेटच्या दातांनी तो एकेक दगड चाचपायचा, कोणता काढला तर वरचा ढीग येईल याचा अंदाज घेतल्यासारखा थांबायचा, आणि मग हळूच ओढायचा. त्या वेळी मला कोणी विचारले असते तर मी पोकलेन सोडून दुसरे नाव घेतले नसते. परंतु काम संपल्यावर हेच यंत्र बूम खाली टाकून, त्यापुढचा आर्म आत ओढून, बकेट दुमडून उभे राहते, तेव्हा ते नुसते उकिडवे बसलेले दिसते. त्याचे सौंदर्य हालचालीत आहे, आणि ती थांबवली की आपल्याला एक मुद्रा निवडावी लागते व ती बहुधा नाटकी होते. शिवाय सुताराच्या दृष्टीने एक अडचण आहे : वाकलेला बूम एकसंध सागवानातून कापला तर वाकाजवळ लाकडाची नस आडवी येते आणि तो तेथेच मोडतो. पातळ पट्ट्या चिकटवून तो करता येईल, पण मग तेल पाजल्यावर सांधे दिसतील.

माती ढकलणाऱ्या डोझरबद्दल थोडक्यात लिहितो. आपल्याकडे जुन्या कामांवर दिसणारे बहुतेक डोझर लांबट ट्रॅकचे असतात. त्यांत ट्रॅक फिरवणारे दातेरी चाक मागे, जमिनीलगत असते. कॅटरपिलरने १९७७ साली डी १० या डोझरमध्ये ते चाक उचलून वर नेले आणि ट्रॅकला त्रिकोणी आकार आला. जमिनीचे धक्के आणि चिखल यांपासून ते चाक व त्यामागचे गिअर दूर राहावेत हा त्यामागचा हेतू होता. त्या त्रिकोणाने डोझरला खरोखरच एक रुबाब दिला. समोर पाते, मागे जमीन उकरणाऱ्या रिपरचा नखासारखा दात आणि मधे तो त्रिकोण, असे पाहिले की हे यंत्र ढकलण्यासाठीच जन्मले आहे याविषयी शंका राहत नाही. आपल्या दृष्टीने अडचण ट्रॅकची आहे. एकास पन्नास प्रमाणात प्रत्येक पट्टी सागवानात कापणे हे वेड लावणारे काम आहे, आणि ट्रॅक नुसता कोरून दाखवला तर सगळा डोझर साबणाच्या वडीसारखा दिसतो.

रोड रोलरकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही. जुना तीनचाकी रोलर, आठ ते दहा टनांचा, हे माझ्या बालपणीचे सर्वांत मोठे यंत्र. वाफेवरच्या रोलरांच्या काळात केंट परगण्यातील एव्हलिंग अँड पोर्टर ही कंपनी प्रसिद्ध होती आणि तिच्या रोलरच्या नाकावर मागच्या पायांवर उभा राहिलेला पितळी घोडा असे. वाफ जाऊन डिझेल आले तरी वरचे छप्पर, जड चाके आणि संथ चाल तीच राहिली. मागची दोन मोठी चाके पुढच्या रोलच्या कडांवर थोडी चढून चालतील अशी रुंदी ठेवलेली असते, म्हणजे एका फेरीत मधे न दबलेली पट्टी राहत नाही. पुढे आणि मागे अशा दोन वेगळ्या रुंदींमुळे त्याला एक बसका, भारदस्त आकार येतो. रस्त्याच्या कडेला गवतात गंजत पडलेला असा एखादा रोलर दिसला की वडील थांबत, चाकाच्या आऱ्यांवरून हात फिरवत आणि ‘याचा पॅटर्न कुणी केला असंल,’ असे स्वतःशीच म्हणत. रंग पूर्ण गेलेला तो गंजका गोळाही देखणा दिसे. त्यामुळे माझा दुसरा क्रमांक रोलरचा आहे. पहिला का नाही, तर त्याच्या आकारात वजन दिसते पण कौशल्य दिसत नाही. तो कोणीही चालवला तरी जवळपास सारखाच दिसतो.

हायड्रा क्रेन, हायवा डंपर, काँक्रीटचा ट्रान्झिट मिक्सर आणि डांबर पसरणारा पेव्हर यांवर मी फार वेळ घालवणार नाही. हायवा आणि मिक्सर हे शेवटी ट्रक आहेत. पेव्हर ही चालती परात आहे. हायड्राचे लांब नाक मला मनापासून कुरूप वाटते, जरी त्याच्याशिवाय माझ्या वर्कशॉपचा एक दिवस जात नाही.

आता माझे उत्तर : मोटर ग्रेडर. आपल्यापैकी अनेकांनी तो नीट पाहिलेला नसतो, कारण तो गावात येत नाही. नव्या रस्त्याच्या भरावावर, जेथे इतर वाहनांना मज्जाव असतो, तेथेच तो फिरतो. लांबी साधारण साडेआठ-नऊ मीटर; मागे इंजिन आणि एकामागे एक अशी दोन्ही बाजूंना दोन-दोन चाके; मधे उंच कॅबिन; आणि तेथून पुढे निघालेली एक लांब, सडपातळ, वर कमान घेतलेली फ्रेम, जी पुढच्या दोन चाकांवर येऊन टेकते. त्या कमानीखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जवळपास मध्यावर, एका दातेरी वर्तुळाला टांगलेले सुमारे बारा फुटी पाते असते. त्याला मोल्डबोर्ड म्हणतात, पण साइटवर सगळे ब्लेडच म्हणतात. चालते ते चाकांवर, पण उभे राहिल्यावर नाकतोड्यासारखे दिसते.

या आकाराचे कारण कळले की तो अधिक देखणा दिसू लागतो, म्हणून तेवढे सविस्तर सांगतो. ग्रेडरचे काम माती हलवण्यापेक्षा पातळी धरण्याचे आहे. समजा पुढची चाके दहा सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली. ब्लेड नाकाशी असते तर तेही जवळपास तेवढेच वर उचलले गेले असते. ते मध्यावर असल्यामुळे सुमारे पाचच सेंटिमीटर उचलले जाते. मागच्या बाजूला तर आणखी गंमत आहे. एकामागे एक असलेली दोन चाके एका झुलत्या पेटीवर बसवलेली असतात. त्यांतले एक चाक दहा सेंटिमीटर वर गेले की पेटीचा मधला बिंदू पाच वर जातो, आणि त्यातलेही निम्मेच ब्लेडपर्यंत पोहोचते. म्हणजे यंत्र जितके लांब तितका रस्त्याचा खडबडीतपणा ब्लेडपर्यंत येताना गाळला जातो. त्या लांबीमागे सपाटपणाचे गणित आहे. फ्रेमची कमान आहे ती खाली ब्लेडला पूर्ण फिरायला जागा मिळावी म्हणून.

सर्वांत सुंदर भाग पुढच्या चाकांचा आहे. ब्लेड तिरके लावले की माती एका बाजूला सरकत जाते आणि तिची प्रतिक्रिया यंत्राचे नाक उलट बाजूला ढकलते. हा ढकला झेलण्यासाठी पुढची दोन्ही चाके माती जिकडे पडते त्या बाजूला कलती करता येतात. वाऱ्याविरुद्ध चालणारा माणूस अंग झुकवतो, तसे ते दिसते. ही कल्पना फार जुनी आहे; अमेरिकेतील जे. डी. अ‍ॅडम्स याने १८८५ साली घोड्यांनी ओढायच्या ग्रेडरला कलणारी चाके दिली होती. कॅटरपिलरचा स्वतःच्या इंजिनावर चालणारा ग्रेडर त्याच १९३१ सालचा, ज्या वर्षी पिवळा रंग आला. रंगाने यंत्र दुरून दिसू लागले. कलत्या चाकांमुळे उभ्या यंत्रातही चाल दिसते. स्थिर प्रतिकृतीला नेमके हेच हवे असते. पोकलेनची मुद्रा थांबवली की नाटकी होते, ग्रेडरची होत नाही, कारण चालताना आणि थांबताना त्याची ठेवण फारशी बदलतच नाही.

महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात कागलच्या बाजूला एका ग्रेडरच्या दुरुस्तीसाठी मी काही दिवस साइटवर होतो. जुन्या धाटणीचे यंत्र होते, समोर लिव्हरची रांग. हल्ली त्यांच्या जागी जॉयस्टिक आल्या आहेत. गडहिंग्लजकडचा वयस्क ऑपरेटर ते उभ्याने चालवत असे. रस्त्याला मधून कडेकडे अडीच टक्के उतार ठेवायचा होता, म्हणजे मीटरला अडीच सेंटिमीटर, आणि तो माणूस दोरी लावण्याआधीच तेवढा उतार डोळ्यांनी काढून ठेवी. ब्लेडकडे पाहून हे कसे जमते, असे मी विचारले, तर म्हणाला, ‘मिस्त्री, ब्लेड कोण बघतंय? मी पुढच्या चाकाचं बूड आणि पडणारी माती बघतो. ब्लेड हाताला कळतंय.’ ब्लेडच्या टोकाकडून मातीची जी अखंड वरंबी पडत जाते तिची कड त्याच्या मागे सुरीने कापल्यासारखी सरळ होती. संध्याकाळी तो ग्रेडर भरावाच्या टोकाला उभा करून सगळे निघून गेले. धुळीने तो पूर्ण मातकट झालेला होता, पिवळा रंग नावालाही दिसत नव्हता, आणि तरी मी मोटारसायकल चालू करून पुन्हा बंद केली आणि थोडा वेळ पाहत बसलो.

थोडक्यात, आपल्या अटींत रंग आणि हालचाल नसल्यामुळे जेसीबी आणि पोकलेन यांचा मोठा आधार निघून जातो, ट्रॅकमुळे डोझर अव्यवहार्य होतो, रोलर जवळ येतो, आणि ग्रेडर पुढे जातो. आपले यंत्र रंगवण्याचे ठरले तर हा क्रम बदलेल, हेही ध्यानात असू द्या.

घडवण्याविषयी काही सूचना. एकास पन्नास प्रमाणात लांबी सुमारे १८ सेंटिमीटर आणि ब्लेड साधारण सव्वासात सेंटिमीटर येईल. पुढची फ्रेम एकाच सरळ नसेच्या सागवानातून काढा. कमान सौम्य असल्यामुळे येथे पोकलेनच्या बूमसारखी नस आडवी येत नाही. कमान जेथे कॅबिनला मिळते त्या आतल्या कोपऱ्याला फिलेट ठेवा. ब्लेड नुसती पट्टी करू नका. त्याला उभा अंतर्वक्र बाक असतो, त्यावरूनच माती गुंडाळत पुढे जाते, आणि तो बाक गोल कानशीने काढावा लागेल. ब्लेड सरळ आडवे न ठेवता स्पष्ट तिरके लावा आणि त्याचे मागचे टोक ज्या बाजूला आहे त्याच बाजूला पुढची चाके कलती करा. पुष्कळ खेळण्यांत ती उलट कललेली असतात, आणि ज्याने ग्रेडर चालवला आहे त्याला ते पाहताच खटकते.

सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामावर ग्रेडर आढळतो, पण फोटोवरून मापे घेऊ नका, कारण समोरून काढलेल्या फोटोत कमान चपटी दिसते. साइट इंजिनिअरची परवानगी घ्या, आणि ऑपरेटरने इंजिन बंद करून खाली उतरल्याशिवाय यंत्राजवळ जाऊ नका. मागे उभा असलेला माणूस ऑपरेटरला दिसणे कठीण असते. चाकांच्या कलाचा सांधा लाकडात टिकणार नाही. तेथे सायकलचा जुना स्पोक कापून आस म्हणून घाला. दोन मिलिमीटरची तार या प्रमाणात शोभते, आणि चाके हवी तितकी कलवून झाल्यावर ती आतून किंचित वाकवली की कल तसाच राहतो.